लेझी लोडिंग बसवताना: कोणता फोटो थांबवायचा आणि कोणता नाही

होमस्टे, हापूसची विक्री, खानावळ, बोटीची सफर. किनाऱ्यावरच्या बहुतेक वेबसाइट फोटोंच्या जोरावर चालतात आणि फोटोंमुळेच रखडतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘लेझी लोडिंग लाव’. प्लगइनमधलं (साइटला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमधलं) बटण दाबलं जातं, पानावरचे सगळे फोटो सरसकट थांबवले जातात आणि पान आधीपेक्षाही मंद होतं. वरचा समुद्राचा मोठा फोटो बराच वेळ रिकामा राहतो, खाली सरकावं तर मजकूर उड्या मारतो आणि दरपत्रकाच्या जागी राखाडी चौकोन दिसतो.

लेझी लोडिंग म्हणजे जो फोटो अजून स्क्रीनवर आलेला नाही, तो वाचक त्याच्या जवळ पोहोचेपर्यंत न मागवणं. एवढंच. त्याने कोणत्याही फोटोचं वजन एका केबीनेही कमी होत नाही. म्हणून कामाचा क्रम असा: आधी फोटोंचं वजन, मग मापं, मग वरच्या फोटोचा निर्णय, आणि त्यानंतरच उरलेल्या फोटोंना थांबवणं. हा क्रम मोडला की बहुतेक वेळा काम नव्याने करावं लागतं.

एक सूचना आधीच. या लेखात कोडमधले शब्द आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे.

## तयारी: हात लावण्याआधी मोजा

साइटचा पूर्ण बॅकअप घ्या, फाइलींचाही आणि डेटाबेसचाही. वर्डप्रेस असेल तर त्याची आवृत्ती टिपून ठेवा आणि चालू असलेल्या सगळ्या प्लगइनची यादी करा. कॅशे (पानाची तयार प्रत साठवणारं), फोटो-ऑप्टिमायझर, गॅलरी, पेज बिल्डर (पान रचायचं साधन) यांच्यापैकी प्रत्येकात लेझी लोडिंगचं स्वतंत्र बटण असू शकतं. कोणकोणतं चालू आहे ते आत्ताच बघून ठेवा, पायरी ५ मध्ये ते लागेल.

लॅपटॉपवर क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, एफ-१२ दाबा आणि नेटवर्क टॅबवर जा. ‘डिसेबल कॅशे’वर खूण करा, वेग ‘स्लो ४जी’ ठेवा, गाळणीत फक्त इमेज निवडा. डावीकडच्या मोबाइलच्या चिन्हावर दाबून ३६० पिक्सेल रुंदीची स्क्रीन घ्या. आता पान रीलोड करा आणि स्क्रोल करू नका. खालच्या पट्टीत किती फोटो आले आणि किती एमबी उतरले ते लिहून घ्या. मग अगदी तळापर्यंत हळूहळू सरका आणि तेच दोन आकडे पुन्हा लिहा. दोन्ही वेळचे आकडे सारखेच असतील, तर सगळे फोटो पान उघडतानाच उतरतायत.

त्यानंतर तिथल्याच लाइटहाउस टॅबमध्ये (हा पानाचा वेग तपासतो) मोबाइलची चाचणी चालवा आणि दोन मापं टिपा. पहिलं एलसीपी, म्हणजे पहिल्या स्क्रीनवरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत हवा. दुसरं सीएलएस, म्हणजे पान जागचं किती हललं याचा अंक. तो ०.१ किंवा त्याहून कमी हवा. एलसीपी कोणत्या घटकाचा मोजला गेला हेही अहवालात दिसतं. तो घटक नीट लक्षात ठेवा, पायरी ३ त्याच्यावरच आहे.

मंद नेटवर्क मुद्दाम निवडायचं कारण साधं आहे. गणपतीला गावी येणारा चाकरमानी किंवा मे महिन्यातला पाहुणा तुमचं पान ऑफिसच्या वायफायवर बघत नसतो. तो गाडीत बसून फोनवर बघतो. कोकण रेल्वे बोगद्यामागून बोगदे पार करते आणि रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. पान अर्धं उघडलेलं असताना रेंज जाणं हा इथे अपवाद नाही, रोजचा प्रकार आहे. थांबवलेल्या फोटोंना याचा फटका सगळ्यात आधी बसतो.

## पायरी १: फोटो हलके करा

१२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो साधारण ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा आणि ३ ते ५ एमबीचा असतो. फोनवर तोच फोटो ३६० ते ४१२ पिक्सेलच्या रुंदीत दिसतो. स्क्रीनची घनता तिप्पट धरली तरी साधारण १०८० ते १२४० पिक्सेल पुरतात.

दीड एमबीपीएसच्या जोडणीवर ४ एमबीचा एक फोटो उतरायला २० सेकंदांहून जास्त लागतात. १५० केबीचा फोटो एका सेकंदाच्या आत येतो. ४ एमबीच्या फोटोवर लेझी लोडिंग लावलं, तर ते २० सेकंद पान उघडताना जात नाहीत, वाचक नेमका त्या फोटोपाशी येऊन थांबला की जातात. आधी निदान वरचा मजकूर वाचता वाचता खालचे फोटो उतरत होते, आता तेही नाही. म्हणून वजन आधी.

मापं अशी धरा:

- वरचा मोठा फोटो: १६०० पिक्सेल रुंद, २५० केबीच्या आत
- खोली, जेवण, अंगण, किनारा असे गॅलरीतले फोटो: १२०० पिक्सेल रुंद, १०० ते २०० केबी
- लहान चौकोनी फोटो: ४०० ते ६०० पिक्सेल, ३० ते ५० केबी

फॉरमॅट वेबपी (जेपीजीपेक्षा हलका फोटोंचा प्रकार) ठेवा, क्वालिटी ७५ ते ८०. ब्राउझरमध्येच चालणारं स्क्वूश हे मोफत साधन यासाठी पुरेसं आहे: डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे हलका केलेला, मधली रेघ सरकवून फरक बघता येतो. एव्हीआयएफ या फॉरमॅटमध्ये फाइल आणखी लहान होते, पण तो जुन्या आयफोनवर चालत नाही, त्याला पर्यायी फाइल द्यावी लागते. छोट्या साइटने वेबपीवर थांबलेलं बरं.

क्वालिटीचा आकडा सगळ्या फोटोंना एकच लावू नका. नारळाच्या झावळ्या, जांभ्याचा चिरा, फेसाळ लाटा, पावसातली भातशेती, असे बारीक पोताचे फोटो त्याच क्वालिटीला पांढऱ्या भिंतीच्या खोलीपेक्षा कितीतरी जड निघतात. तिथे ७० पर्यंत उतरलं तरी डोळ्यांना कळत नाही. उलट पिकल्या हापूसचा जवळून घेतलेला फोटो ८० च्या खाली नेऊ नका. गिऱ्हाईक आंब्याचा रंगच बघत असतं, आणि केशरी-पिवळ्यातल्या हलक्या छटांवर पट्टे उमटले की माल शिळा वाटतो. फोटोवर लाल अक्षरं छापली असतील तर ती वेबपीमध्ये कडेला पसरतात. पण अक्षरं फोटोत असूच नयेत. त्याबद्दल पायरी ६ मध्ये.

फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवा. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे मोठं अक्षर आणि लहान अक्षर ही दोन वेगळी नावं ठरतात. घरच्या विंडोजवर दिसणारा फोटो सर्व्हरवर चढवल्यावर गायब होतो, आणि दोष मात्र लेझी लोडिंगवर जातो.

सावधान: उभा धरून काढलेल्या फोटोची दिशा पुष्कळदा फाइलमधल्या एका नोंदीत असते. फोटो हलका करताना ती नोंद पुसली जाते आणि फोटो आडवा पडतो. प्रत्येक फाइल चढवण्याआधी उघडून बघा.

हाताने लिहिलेल्या साइटवर प्रत्येक मोठ्या फोटोच्या ६०० आणि १२०० पिक्सेलच्या दोन प्रती करा आणि एसआरसीसेटमध्ये, म्हणजे ब्राउझरला निवडायला दिलेल्या प्रतींच्या यादीत, दोन्ही द्या. सोबत साइझेस, म्हणजे फोटो स्क्रीनवर किती रुंद दिसणार ते, लिहायला विसरू नका. ते नसेल तर फोटो स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचा आहे असं ब्राउझर धरतो आणि लहान चौकोनासाठीही मोठी प्रत ओढतो. वर्डप्रेसमध्ये फोटो मीडिया लायब्ररीतून घातला तर हे आपोआप होतं, नुसता पत्ता चिकटवला तर होत नाही.

तपासणी: फोटोंच्या फोल्डरचं एकूण वजन बघा. ४० फोटोंचं पान १६० एमबीवरून ६ ते ८ एमबीवर आलं असेल तर पुढे चला.

## पायरी २: प्रत्येक फोटोची रुंदी आणि उंची लिहा

ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

आयएमजी टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये फोटो घालणाऱ्या ओळीत, विड्थ (रुंदी) आणि हाइट (उंची) दिलेली नसेल, तर फोटो येईपर्यंत ब्राउझर त्याच्यासाठी जागाच ठेवत नाही. वाचक खोलीचे दर वाचत असतो, वरचा फोटो येतो आणि ओळ बोटाखालून निसटते. ‘फोन करा’चं बटण दाबायला जावं तर दुसरंच काहीतरी दाबलं जातं.

दुसरा परिणाम लवकर लक्षात येत नाही. उंची शून्य असलेले ४० फोटो एकावर एक रचले तर ते सगळे पहिल्या स्क्रीनच्या आसपासच मावतात. ब्राउझरला वाटतं, सगळेच जवळ आहेत. तो सगळे एकदम मागवतो. लेझी लिहिलेलं आहे, तरी काहीच थांबत नाही. ‘आमच्याकडे लेझी लोडिंग चालतच नाही’ असं कुणी म्हटलं की सगळ्यात आधी हे तपासावं.

विड्थ आणि हाइटमध्ये फाइलचे खरे पिक्सेल लिहा, पुढे ‘पीएक्स’ न लावता. ब्राउझर त्यावरून रुंदी-उंचीचं प्रमाण काढतो आणि तेवढी जागा राखतो. सोबत सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) आयएमजीसाठी दोन नियम हवेतच: मॅक्स-विड्थ १००% आणि हाइट ऑटो. दुसरा नियम विसरला तर फोनवर रुंदी आटते, उंची तशीच राहते आणि वेळासच्या किनाऱ्यावरचं कासव उभं ताणलं जातं.

फोनसाठी उभा आणि लॅपटॉपसाठी आडवा असे दोन वेगळे काप पिक्चर टॅगमधून देत असाल, तर त्याच्या आतल्या प्रत्येक सोर्स टॅगवर त्या-त्या कापाची विड्थ-हाइट लिहा. एकाच प्रमाणाच्या लहान-मोठ्या प्रती असतील तर आयएमजीवर एकदा लिहिलेलं पुरतं.

राखलेल्या जागेला सीएसएसमधून एखादा फिकट रंग द्या, वाळूचा किंवा शेवाळी. फिरणारं चक्र नको. चक्र दिसलं की काहीतरी अडकलंय असं वाटतं, रंगीत चौकोन मात्र डोळ्यांना खुपत नाही.

तपासणी: नेटवर्क टॅबमध्ये एखाद्या फोटोवर उजवं क्लिक करून त्याची मागणी ब्लॉक करा आणि पान रीलोड करा. फोटोच्या जागी योग्य उंचीची मोकळी जागा राहिली पाहिजे. खालचा मजकूर वर सरकला तर माप पोहोचलेलं नाही.

## पायरी ३: वरचा फोटो वेगळा काढा

स्क्रोल न करता जे दिसतं, ते कधीही लेझी करायचं नाही. लोगो, वरचा मोठा फोटो, आणि फोनवर दिसत असेल तर पहिल्या चौकोनातला फोटो.

कारण समजून घेतलं तर नियम पाठ करावा लागत नाही. ब्राउझर पानाचा मजकूर वाचायला घेतो, तेव्हा त्याचा एक भाग पुढे धावून आयएमजी टॅग शोधतो आणि सीएसएस यायच्या आधीच फोटो मागवायला लागतो. लेझी लिहिलेल्या फोटोला ही सवलत मिळत नाही. तो स्क्रीनवर नेमका कुठे पडतो हे मांडणी झाल्याशिवाय ठरत नाही, म्हणून तो थांबून राहतो. वरच्या फोटोवर लेझी लिहिणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला, आत जागा आहे का ते बघतो असं सांगून उंबऱ्याबाहेर उभं करणं.

मुख्य फोटोसाठी असं करा:

१. त्याच्यावरचं लोडिंग हे ॲट्रिब्यूट (टॅगमधली सूचना) काढून टाका. काहीच न लिहिणं म्हणजे लगेच मागवणं.

२. त्याला फेचप्रायॉरिटी="हाय" असं द्या, म्हणजे ‘हा आधी मागव’ अशी सूचना. पानावर फक्त एकाच फोटोला. पाच फोटोंना ‘आधी तू’ म्हटलं तर आधी कोणीच नाही.

३. तो सीएसएसमधला बॅकग्राउंड फोटो असेल तर आयएमजीमध्ये बदला आणि ऑब्जेक्ट-फिट कव्हर लावा, दिसायला तसाच दिसेल. बॅकग्राउंड फोटो सीएसएस उतरून वाचल्यानंतरच ब्राउझरला सापडतो, म्हणून मुळातच उशिरा येतो. बदलणं शक्यच नसेल तर पानाच्या हेडमध्ये (कोडच्या सुरुवातीच्या भागात) लिंक टॅगने प्रीलोड करा, म्हणजे आधीच मागवा.

फोनवर एकाखाली एक येणारे चौकोन लॅपटॉपवर तिघे एका ओळीत दिसतात. मग कोणासाठी ठरवायचं? लॅपटॉपवर पहिल्या स्क्रीनवर जेवढे दिसतात तेवढे सगळे लेझीतून वगळा. फोनवर दोन लहान फोटो जास्तीचे उतरतील, १०० केबीच्या आत. तेवढं चालतं.

वर स्लायडर असेल तर पहिल्या फोटोलाच प्राधान्य द्या, बाकीचे लेझी, आणि बोटाने सरकवताना दुसरा फोटो रिकामा येतो का ते मंद नेटवर्कवर बघा. आमचं स्पष्ट मत असं, की छोट्या होमस्टेने स्लायडर काढूनच टाकावा. अंगणातून दिसणाऱ्या समुद्राचा एक चांगला फोटो पाच सरकत्या फोटोंचं काम करतो आणि एक स्क्रिप्टही वाचते.

वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, फोटोंना स्वतःहून लेझी लावतं. ५.९ पासून ते मजकुरातला पहिला फोटो वगळायला लागलं आणि २०२३ मधल्या ६.३ पासून मुख्य फोटो ओळखून त्याला फेचप्रायॉरिटीही देतं. पण तो अंदाज असतो. पेज बिल्डर किंवा वेगळ्या पद्धतीने बांधलेली थीम असली की तो चुकतो. म्हणून पान उघडा, वरच्या फोटोवर उजवं क्लिक करून इन्स्पेक्ट करा आणि टॅगमध्ये खरोखर काय लिहून आलंय ते डोळ्यांनी बघा.

सावधान: एकाच फोटोवर लेझी आणि फेचप्रायॉरिटी हाय दोन्ही दिसलं तर दोन यंत्रणा एकमेकींवर काम करतायत. पायरी ५ बघा.

## पायरी ४: उरलेल्यांना लेझी करा

आता मूळ काम, आणि ते सगळ्यात छोटं आहे. प्रत्येक उरलेल्या आयएमजी टॅगमध्ये एक ॲट्रिब्यूट वाढवायचं. नमुना:

<आयएमजी लोडिंग="लेझी" एसआरसी="खोली-२.वेबपी" विड्थ="१२००" हाइट="८००" ऑल्ट="समुद्राकडे उघडणारी खोली, दोन पलंग, बाहेर पडवी">

यासाठी कोणतीही लायब्ररी लागत नाही. क्रोममध्ये हे २०१९ पासून (आवृत्ती ७६), फायरफॉक्समध्ये २०२० पासून (७५) आणि सफारीत २०२२ पासून (१५.४) चालतं. त्याहून जुना ब्राउझर हे ॲट्रिब्यूट दुर्लक्षून फोटो लगेच उतरवतो. तोटा तेवढाच, मोडत काही नाही.

पिक्चर टॅग असेल तर लोडिंग आतल्या आयएमजीवर लिहायचं, सोर्सवर नाही. जावास्क्रिप्टने फोटो तयार करत असाल तर आधी लोडिंग ठरवा आणि मग एसआरसी द्या. उलट केलं तर एसआरसी मिळताच फोटो मागवला जातो आणि नंतरच्या लेझीला करायला काही उरत नाही.

बसवून झाल्यावर स्क्रीनखालचे दोन-तीन फोटो तरीही उतरताना दिसतील. ही चूक नव्हे. क्रोम चांगल्या ४जी जोडणीवर फोटो साधारण १२५० पिक्सेल आधीच मागवायला घेतो, नेटवर्क मंद असेल तर २५०० पिक्सेल आधी, म्हणजे वाचक पोहोचेपर्यंत फोटो तयार असावा. यावरून हेही लक्षात घ्या, की पाच-सहा फोटोंच्या आखूड पानाला लेझीचा फायदा जवळपास नसतोच. तिथे पायरी १ आणि २ केल्या की पुरे.

फोटो संपले की आयफ्रेमकडे (पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटीकडे) वळा. तळाशी घातलेला गुगल नकाशा आणि एखादा यूट्यूब व्हिडिओ पुष्कळदा सगळ्या हलक्या केलेल्या फोटोंपेक्षा जास्त भार ओढतात. आयफ्रेमलाही हेच लोडिंग लेझी लिहिता येतं. नकाशाच्या बाबतीत आम्ही आणखी पुढे जाऊन सुचवू: आयफ्रेम काढा, ‘नकाशात रस्ता बघा’ अशी साधी लिंक द्या. पाहुण्याला शेवटी फोनच्या नकाशा-ॲपमध्येच जायचं असतं.

गॅलरीत फोटो मोठा करून बघायची सोय असेल तर मोठ्या प्रती लिंक म्हणून ठेवा. त्या पानावर लपवलेल्या आयएमजी म्हणून ठेवल्या आणि त्यांना लेझी नसलं, तर लपवलेल्या असूनही उतरतात.

## पायरी ५: बॅकग्राउंड फोटो, जुने प्लगइन आणि दोन यंत्रणांची टक्कर

सीएसएसमधल्या बॅकग्राउंड फोटोंवर लोडिंग लेझीचा काहीही परिणाम होत नाही. पहिला पर्याय त्यांना आयएमजी करण्याचा. ते जमत नसेल तर इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर, म्हणजे पानाचा एखादा भाग स्क्रीनजवळ आला की कळवणारी जावास्क्रिप्टची सोय, वापरावा लागतो:

१. त्या भागाला सीएसएसमध्ये फक्त पार्श्वरंग आणि उंची द्या, फोटो देऊ नका.

२. दुसरा एक क्लास करा आणि फोटो त्यात ठेवा.

३. ऑब्झर्व्हर तो भाग जवळ आल्याचं कळवेल तेव्हा हा क्लास जोडा. रूट-मार्जिन, म्हणजे किती आधी कळवायचं ते अंतर, ३०० पीएक्सच्या आसपास ठेवा. इथे एकक लिहावंच लागतं, नुसता आकडा दिला तर स्क्रिप्ट तिथेच मोडते.

४. क्लास जोडून झाला की त्या भागावरची नजर काढून घ्या, म्हणजे अनऑब्झर्व्ह करा.

पहिल्या स्क्रीनवरच्या भागाला हे लावायचं नाही. नियम तोच.

आता जुने प्लगइन. ब्राउझरमध्ये ही सोय नव्हती तेव्हाचे प्लगइन फोटोचा पत्ता एसआरसीतून काढून डेटा-एसआरसीमध्ये लपवतात आणि वाचक जवळ आला की स्क्रिप्टने परत जागी ठेवतात. ती स्क्रिप्ट आली नाही, दुसऱ्या प्लगइनशी भांडली किंवा रेंज गेल्याने अर्धवट उतरली, तर पानावर एकही फोटो दिसत नाही. स्क्रोलच्या हालचालीवर चालणाऱ्या स्क्रिप्टचा आणखी एक तोटा आहे: गुगलचा बॉट पान स्क्रोल करत नाही, त्यामुळे ते फोटो त्याला सापडतच नाहीत. ब्राउझरच्या स्वतःच्या लेझीला आणि नीट लिहिलेल्या ऑब्झर्व्हरला ही अडचण येत नाही.

सगळ्यात किचकट घोटाळा होतो तो थीम, कॅशे प्लगइन आणि सीडीएन (फाइली जवळच्या सर्व्हरवरून पोहोचवणारी सेवा) तिघांचंही लेझी चालू असताना. मग फोटो दोनदा सरकवल्यावर दिसतो, किंवा धूसर प्रत तशीच राहते. सोडवायचं ते असं: तयारीच्या वेळी केलेली यादी काढा, प्रत्येक प्लगइनमधलं लेझीचं बटण बंद करा, वर्डप्रेसचं स्वतःचं तेवढं राहू द्या. मग प्लगइनचा, सर्व्हरचा आणि सीडीएनचा, तिन्ही कॅशे पुसा. पानाचा मूळ कोड (‘व्ह्यू पेज सोर्स’) उघडून डेटा-एसआरसी शोधा. तो शब्द कुठेही सापडला तर एखादी यंत्रणा अजून जागी आहे.

सावधान: प्लगइन एकेक बंद करा आणि दर वेळी पान बघा. सगळे एकदम बंद केले तर खरा दोषी कोणता होता ते कळणार नाही, आणि पुढच्या अपडेटला तो परत उठेल.

## पायरी ६: बोगद्याची चाचणी

तयारीतली मोजणी जशीच्या तशी पुन्हा करा. त्याच स्क्रीनवर, त्याच वेगाला. स्क्रोल न करता उतरणारा भार बराच घटलेला दिसला पाहिजे, एलसीपी आधीच्यापेक्षा कमी आणि सीएलएस ०.१ च्या आत. भार घटला पण एलसीपी वाढला असेल, तर वरचा फोटो लेझी राहिलाय. सीएलएस वाढला असेल, तर कुठेतरी मापं नाहीत.

मग ही चाचणी करा, जी सहसा कुणी करत नाही. पान पूर्ण उघडू द्या, नेटवर्क टॅबमध्ये वेग ‘ऑफलाइन’ करा आणि तळापर्यंत सरका. गाडी करबुड्यात शिरल्यावर वाचकाला जे दिसतं, ते हे. खालचे फोटो नसतील, हे साहजिक आहे. प्रश्न असा, की फोटोंशिवाय पान कामाचं राहतं का? खोलीचा दर, जेवणाच्या वेळा, पेटीत किती डझन आंबे, पत्ता, फोन नंबर, स्टेशनपासून रिक्षाने कसं यायचं, यातलं जे-जे फोटोत छापलेलं आहे ते सगळं गायब झालेलं असेल. ते साध्या मजकुरात आणा. सणासुदीला बनवलेलं दरपत्रकाचं रंगीत पोस्टर व्हॉट्सॲपवर ठीक, पानावर त्यातली माहिती अक्षरांत हवी.

न आलेल्या फोटोच्या जागी ऑल्टमधला मजकूर दिसतो. ‘फोटो १’, ‘इमेज’ असं लिहिलं असेल तर त्याचा कुणालाच उपयोग नाही. फोटोत काय आहे ते एका ओळीत सांगा: ‘सुरमई थाळी: तांदळाची भाकरी, सोलकढी, भात’. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकालाही हीच ओळ ऐकू येते, म्हणून ती मनापासून लिहा.

शेवटची तपासणी एखाद्या साध्या, दोन-तीन वर्षं जुन्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद ठेवून करा. भरभर खाली सरका, मग वर या. रिकामे चौकोन किती वेळ राहतात? एखादा फोटो परत वर आल्यावरच दिसतो का? लॅपटॉपवर बनवलेली मंद जोडणी पुष्कळ सांगते, पण स्वस्त फोनचा प्रोसेसर फोटो उलगडायला किती वेळ घेतो ते फोनच सांगतो.

गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग तपासणाऱ्या साधनात दिसणारी खऱ्या वाचकांची आकडेवारी मागच्या २८ दिवसांची असते. आज दुरुस्ती केली आणि उद्या आकडा हलला नाही, तर घाबरून पुन्हा काही बदलू नका. वाचक कमी असलेल्या साइटला ही आकडेवारी दिसतही नाही, तिथे लाइटहाउसवरच भागवावं लागतं. आंब्याच्या ऑर्डर फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होतात, म्हणून बागायतदाराने हे काम जानेवारीतच उरकावं. होमस्टेवाल्यांना पावसाळ्यातला मोकळा वेळ बरा, गणपतीच्या आधी.

## नंतर फोटो चढवताना

बसवलेली घडी बिघडते ती नवीन फोटोंनी. ऐन हंगामात घरातलं कुणीतरी फोनवरून थेट ५ एमबीचा फोटो चढवतं. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो त्या मापावर आणून ठेवतं खरं, पण आपल्या कामासाठी तेही जडच. ज्याच्याकडे फोटो चढवायचं काम आहे, त्याच्या फोनवरच ठरलेल्या मापाला फोटो लहान करणारं ॲप घालून द्या आणि तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: रुंदी १२०० पिक्सेल, वजन २०० केबीच्या आत, ऑल्टची ओळ भरलेली.

आणि वरचा मुख्य फोटो बदलला, की पायरी ३ नव्याने तपासा. नवा फोटो घालताना प्लगइन त्याला बाकीच्यांसारखंच लेझी लावून टाकतं आणि फेचप्रायॉरिटी जुन्या फोटोबरोबर निघून गेलेली असते.